तव्यासारखी गिटार

गिटार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात पट्टा अडकवून उभा असलेला, केस वाढवलेला कॉलेजकुमार येतो. पण बाजारात टिकाव धरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार उभ्याने वाजवायची नव्हतीच मुळी. ती मांडीवर आडवी ठेवायची, अख्खी अ‍ॅल्युमिनियमची ओतीव, आणि दिसायला थेट लांब दांड्याचा तवा. लोक तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणायचे. साल १९३२, गाव लॉस एंजेलिस.

मी गेले काही महिने या तव्याच्या मागे लागलो आहे (घरच्यांना विचारा!). मला पडलेला प्रश्न साधा होता: गिटार धातूची का करावीशी वाटली असेल? आणि मांडीवर का?

मांडीचं उत्तर हवाईत आहे. ओआहू बेटावरच्या लाइए गावचा जोसेफ केकुकू, जन्म १८७४. गिटार वाजवत रेल्वेच्या रुळांवरून चालताना त्याला एक गंजका बोल्ट सापडला, तो तारांवर घासला गेला आणि सूर घसरत गेला, अशी गोष्ट सांगतात. पुढे शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याने चांगला गुळगुळीत लोखंडी तुकडा घडवला. बोल्टची कथा खरी असेल-नसेल, पण वर्कशॉपची मला जास्त पटते. या श्रेयाचा आणखी एक दावेदार आहे, गॅब्रिएल डेव्हियन. तो म्हणे भारतात जन्मलेला होता आणि एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून हवाईत आणलं होतं. आपल्याला हा ऐकून अभिमान वाटायला हरकत नाही, पण पुरावा केकुकूच्या बाजूने जास्त आहे. असो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेला हवाईच्या संगीताचं वेड लागलं. अडचण एकच, आवाज. बँडमध्ये ट्रम्पेट आणि ड्रम वाजायला लागले की मांडीवरची बिचारी लाकडी गिटार कुणाला ऐकूच जात नसे. जॉर्ज बीचम नावाचा टेक्सासचा एक वादक या दुःखाने इतका बेजार झाला की तो जॉन डोपेरा नावाच्या कारागिराकडे गेला. डोपेराने १९२७ च्या सुमारास गिटारच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ वाट्या बसवल्या, लाऊडस्पीकरच्या पडद्यासारख्या, आणि बाहेरचं अंग जर्मन सिल्व्हरचं केलं. ‘नॅशनल’ कंपनी निघाली. तिच्यासाठी धातूची अंगं ठोकून देणारा कारखानदार म्हणजे अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर, मूळचा स्वित्झर्लंडचा. पुढे डोपेरा आणि बीचम यांचं फाटलं. भागीदारीत होतं तेच.

बीचमला मात्र एव्हाना दुसरंच काहीतरी खुणावत होतं. वाट्या कितीही लावल्या तरी आवाज वाढून वाढणार किती? तार पोलादाची आहे, ती चुंबकापुढे थरथरली तर शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज उमटेल, ती वीज मोठी करायची. यात लाकूड नाही, पोकळ पोट नाही. त्याने घरीच प्रयोग सुरू केले. वेटोळं गुंडाळायला घरच्या वॉशिंग मशिनची मोटार काढली असं एक जण सांगतो, शिवणयंत्राची होती असं दुसरा. (दोन्हीपैकी कुठलीही असो, घरात काय झालं असेल याची कल्पना मी करू शकतो.) शेवटी नालाच्या आकाराचे दोन चुंबक समोरासमोर, मधून तारा जाणाऱ्या, आणि तारांखाली वेटोळं, असं ते जमलं.

आता याला अंग हवं. ते केलं हॅरी वॉटसनने, नॅशनलच्या कारखान्यातल्या जुन्या माणसाने. हाताची छोटी अवजारं घेऊन, काही तासांत, मेपलच्या लाकडातून. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे, आणि वॉटसनचं नाव कुठे नसतं. पेटंटवर बीचम, वाद्यावर पुढे रिकनबॅकर.

मग हेच अंग अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतायचं ठरलं. कारण काव्यात्म नाही. रिकनबॅकरचा धातूचा कारखाना होता, एवढंच. पण अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. स्टेजच्या दिव्यांखाली अंग लांबायचं, तारा ताणल्या जायच्या आणि सूर चढायचे. १९३५ मध्ये कंपनीने बेकेलाइटचं अंग आणलं, ते यामुळेच.

पेटंटची तर गंमतच. हे वाद्य खरंच वाजतं का, अशी शंका पेटंट कचेरीला होती म्हणे, तेव्हा रिकनबॅकरने सोल हूपीसारखे वादक थेट वॉशिंग्टनला पाठवून तिथल्या साहेबांसमोर वाजवून दाखवलं. पेटंट मिळालं ऑगस्ट १९३७ मध्ये. तोवर ही कल्पना बाजारात सगळ्यांचीच झाली होती. बीचम १९४१ मध्ये गेला. केकुकू तर १९३२ च्या जानेवारीतच गेला होता, तवा विकायला यायच्या आधी.

मी घरी केली ती ओतीव नाही. खिडक्यांना वापरतात तसल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची आहे, जरा जाड बघून घेतलेल्या. सहा तारांचा ताण मिळून एका माणसाच्या वजनाएवढा होतो, पातळ पाइप हळूच वाकतो. वेटोळं मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून करून घेतलं. केसाएवढी तार बघून तो म्हणाला, ‘साहेब, हा पंखा कुणाचा?’ खुंट्या विकतच्या. पडदे मात्र नुसत्या कोरलेल्या रेघा. तारेची लांबी १७.८१७ ने भागायची, तिथे पहिली रेघ. उरलेली लांबी पुन्हा तेवढ्यानेच भागायची. साडेबावीस इंचाच्या तारेवर पहिली रेघ ३२ मिलिमीटरवर येते आणि बारावी बरोबर मध्यावर.

पण या रेघांवर बोट दाबायचंच नसतं. त्या डोळ्यांसाठी, सूर कानाने शोधायचा. म्हणूनच हे वाद्य आपल्याकडे परकं वाटलं नसावं. तारेवर गोळा घासून वाजवणारी विचित्र वीणा इथे होतीच, आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यम, जे तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी गाजवलं (नाव वाचून तंजावरचे मराठे आठवतात की नाही?). त्यामुळे ब्रिजभूषण काब्रांनी मांडीवरच्या गिटारवर राग वाजवले तेव्हा वाट आधीची होती. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐका. त्यांची गिटार धातूची नाही, पण हात तोच.

माझी आत्या पेटी शिकलेली. तिने माझी गिटार ऐकून विचारलं, ‘यात पेटीत नसतात ते मधले सूर निघतात का रे?’ निघतात. हात थरथरला की तेही निघतं.