मुलांचा गृहपाठ आणि किनाऱ्यावरची घरे

मालवणच्या किनाऱ्यावर शाळेचे वर्ष आणि मासेमारीची बंदी यांची गाठ दरवर्षी जूनमध्ये पडते. राज्यातील बहुतेक भागांत शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होतात. यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै हा पावसाळी बंदीचा काळ असतो. एरवी पहाटे समुद्रात असणारा बाप नेमका शाळेच्या पहिल्या दीड महिन्यात संध्याकाळी घरी असतो. तरीही मुलाची वही बहुधा आईकडेच जाते. ‘आपले शिक्षण बेताचे, आपण काय शिकविणार’ असे म्हणून बाप बाजूला होतो. या समजुतीत मुलाचे मोठे नुकसान आहे.

गृहपाठ सोडवून देणे हे पालकांचे काम नव्हेच. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीसाठी दिवसाला एक तास आणि नववीपासून पुढे दिवसाला दोन तास अशी मर्यादा त्यात सुचविली आहे. पहिलीतले मूल रात्री नऊ वाजता रडत पान भरत असेल, तर पालकांनी शिक्षकांशी बोलावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांसाठी असतात. हा विषय तेथे मांडण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

अडचण खरी येते ती पालकांचे शिक्षण आणि मुलांचे शिक्षण यांत पडलेल्या अंतरामुळे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असे संख्यावाचन सुचविण्यात आले आणि राज्यभर वादळ उठले. विधिमंडळातही चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे सरळ होते: आपण ‘सत्तावीस’ म्हणताना आधी सात उच्चारतो आणि लिहिताना आधी दोन लिहितो, त्यातून लहान मुले गोंधळतात. प्रस्तुत प्रतिनिधीला एकोणऐंशी आणि एकोणनव्वद लिहिताना आजही क्षणभर थांबावे लागते, त्यामुळे हा युक्तिवाद अगदीच परका वाटला नाही. घरात मात्र एक पथ्य पाळावे. आजोबांची पद्धत आणि बाईंची पद्धत यांपैकी एक चूक आहे, असे मुलासमोर म्हणू नये. दोन्हींचे उत्तर एकच येते, हे त्याला दाखवून द्यावे. पावकी-निमकी येणारे आजोबा ज्या घरात आहेत, तेथे तोंडी हिशेबासाठी शिकवणी लावण्याची गरज नाही.

हिशेबाचे साहित्य तर दारातच असते. रापणीच्या मासळीची वाटणी होते, बाजारात मासळीचे वाटे लावले जातात. अपूर्णांकाचा धडा यापेक्षा चांगला कोणत्या पुस्तकात मिळणार?

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. घरात मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी. मूल निबंधात ‘बाबा इले’ किंवा ‘माका’ लिहिते, त्यावर लाल रेघ येते, आणि घरी ओरडाही बसतो. काही घरांत तर मुलाचे मराठी सुधारावे म्हणून त्याच्याशी मालवणी बोलणेच थांबविले जाते. तसे करू नये. मुलाला आधी घटना मालवणीत सांगू द्यावी, मग ‘हेच पुस्तकात कसे लिहितात’ असे विचारावे. दोन भाषा वेगळ्या ठेवायला मूल हळूहळू शिकते. ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनाही ‘आज काय शिकवल्यानी, माका वाचून दाखय’ एवढे म्हणता येते. समजावून सांगताना मुलाचा स्वतःचा गोंधळ त्याच्याच ध्यानात येतो.

इंग्रजीबाबत हीच युक्ती चालते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. त्यापूर्वी पहिली ओलांडलेल्या मराठी माध्यमातील पालकांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली होती. उच्चार चुकतील म्हणून गप्प बसण्यापेक्षा मुलाकडून शब्द शिकून घ्यावेत.

पर्यटनामुळे आणखी एक पेच निर्माण झाला आहे. तारकर्ली-देवबाग परिसरात राहत्या घरात पाहुणे ठेवणारी कुटुंबे आहेत. दिवाळी व नाताळच्या सुट्टीत गर्दी होते आणि अभ्यासाची खोली पाहुण्यांना जाते. मुलाने ताटे वाढायला मदत करण्यात वावगे काही नाही, पण त्याच्या अभ्यासाची वेळ व जागा आरक्षणाच्या वहीत आधी नोंदवावी, खोल्या नंतर.

दहावीच्या निकालात कोकण मंडळ २०१२ पासून सातत्याने राज्यात पहिले येत आहे. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के असताना रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या या मंडळाचा ९८.८२ टक्के होता. या आकड्याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र त्याचा धाक चौथीतल्या मुलाला घालणारे पालकही येथे भेटतात.

बंदी उठल्यावर, नारळी पौर्णिमेच्या आसपास, होड्या पुन्हा पाण्यात जातात. वडिलांची संध्याकाळ मिळेनाशी होते. ज्यांनी जून-जुलैत वहीपाशी बसण्याची सवय लावलेली असते, त्यांची मुले मग तोच वेळ पाळून आईपाशी किंवा आजीपाशी वही घेऊन बसतात.