पाळीपत्रकाची कुळकथा

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती ओलांडून इंदापूरच्या टोकाला जाते. कोणाच्या शेताला कधी पाणी, हे सांगणाऱ्या पाळीपत्रकाचे मूळ १८७६-७७ च्या दुष्काळापाशी सापडते. त्या दुष्काळाच्या धड्यातून हा कालवा निघाला आणि १८८५ च्या सुमारास वाहू लागला. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने अर्ज, मंजुरी आणि दंड कागदावर आणले. तरी हंगामागणिक अर्ज करून मंजुरीची वाट पाहणे, म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीवर शेती करणे, चुकले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते विश्वेश्वरय्यांनी येथे ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांच्या पाण्याची लेखी हमी मिळाली आणि उसालाही मर्यादा पडली. पुढे शेजपाळी रुळली: शेतकरी पाणीमागणीचा नमुना ७ भरतो, मंजूर क्षेत्राची यादी होते आणि दारे टोकाकडून मुखाकडे उघडत येतात. शेवटच्या शेताला पहिला मान देणारा हा क्रम मर्जीने कधीच पाळला गेला नसता, कारण मुखाजवळच्या माणसाला पाणीही जवळ असते आणि साहेबही.

अशा लेखी क्रमावर आक्षेप येतो, की पाऊस कागद वाचत नाही. धरण अर्धे भरले तर अनुभवी माणसानेच निर्णय घ्यायला हवा. हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. किती पाळ्या सोडायच्या हे कालवा सल्लागार समितीने साठा पाहून जरूर ठरवावे. तूट मात्र सर्वांच्या वाट्याला सारख्या प्रमाणात यावी. कोणाची पाळी गाळायची, हा विवेकाधिकार कोणालाही नसावा. दुसरा आक्षेप खानदेशातल्या फडाचा, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनीच आपसात वाटून घेण्याच्या पद्धतीचा: तिथे लेखी कायद्याविना पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटले गेले. पण फडातले शेतकरी एकमेकांना ओळखतात, एकाच बंधाऱ्यावर जगतात; दीडशे किलोमीटरच्या कालव्यावर मुखाच्या माणसाला टोकाच्या माणसाचा धाक नसतो.

नुसता कायदा लिहून भागत नाही, हेही याच इतिहासात दिसते. १९७६ मध्ये महाराष्ट्राने नवा पाटबंधारे कायदा केला, पण त्याचे स्वतःचे नियम वर्षानुवर्षे झाले नाहीत. कारभार १९३४ च्या मुंबई कालवे नियमांवर चालत राहिला. नियम अर्धवट राहिले की ती पोकळी मर्जीच भरून काढते. म्हणून प्रत्येक आवर्तनाआधी पाळीपत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे आणि चारीला सुटलेले पाणी मोजून त्याच्याशेजारी लिहिले गेले पाहिजे. इंदापूरच्या शेतकऱ्याने कोणाकडे पाणी मागायला जाऊ नये. आपली पाळी दाखवून ते घ्यावे.