वैतरणेतली मुशी

त्र्यंबकच्या डोंगरांतून दोन नद्या निघतात. गोदावरी पूर्वेला वळते आणि नाशिककरांची गंगा होते. वैतरणा पश्चिमेला उतरते, वाटेत मुंबईच्या नळांना पाणी देते आणि पालघर जिल्ह्यात समुद्राला मिळते. याच वैतरणेच्या खाडीत, मनोरजवळ, फेब्रुवारी २०२४मध्ये एका तरुण मच्छीमाराच्या पायाला शार्कने चावा घेतला आणि तो गंभीर जखमी झाला. ‘नदीत शार्क आला कुठून?’ असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला.

हा मासा बुल शार्क असल्याचे सांगण्यात आले. बहुतेक शार्क गोड्या पाण्यात तग धरत नाहीत. समुद्रात त्यांच्या रक्तात युरिया साठलेला असतो आणि तोच खाऱ्या पाण्याशी तोल राखतो. बुल शार्क नदीत शिरला की हा युरिया कमी करतो, पातळ लघवीवाटे जास्तीचे पाणी बाहेर टाकतो आणि शरीरातले मीठ धरून ठेवतो. त्यामुळे त्याला खाडीचे दार कायम उघडे असते.

शास्त्राला हे उमगायला वेळ लागला. निकाराग्वाच्या गोड्या सरोवरातले शार्क ही तिथेच अडकून पडलेली वेगळी जात आहे, असे १८७७मध्ये ठरवले गेले. टॉमस थॉर्सन यांनी १९६०च्या दशकात या माशांना खुणेची पट्टी लावून सोडायला सुरुवात केली. पट्टी लावलेले मासे सरोवर आणि समुद्र अशा दोन्हीकडे सापडले, आणि हे मासे नदीवाटे ये-जा करणारे बुल शार्कच आहेत हे सिद्ध झाले. पुन्हा पकडलेल्या माशाची पट्टी कुणीतरी परत आणून दिली, म्हणून हा शोध लागला.

पाहणाऱ्याच्या शब्दाचे मोल अमेरिकेने त्याआधीच, मोठी किंमत मोजून ओळखायला हवे होते. जुलै १९१६मध्ये न्यू जर्सीतल्या मटावान खाडीत थॉमस कॉट्रेल या जुन्या दर्यावर्दीने शार्क पाहिला आणि गावात जाऊन इशारा दिला. खाडीत शार्क येईल यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. त्याच दिवशी एक मुलगा आणि त्याला शोधायला पाण्यात उतरलेला तरुण असे दोघे प्राणाला मुकले. पुढे १९६२मध्ये जॅक केसी यांनी त्याच थंड उत्तर अटलांटिक किनाऱ्यावर शंभराहून कमी स्वयंसेवकांना हाताशी धरून शार्कना पट्ट्या लावण्याचा उपक्रम सुरू केला. हौशी गळकरी आणि मच्छीमार यांच्या नोंदींवर तो वाढत गेला.

आपल्याकडेही एक पाऊल पडले आहे. जाळे कापून संरक्षित सागरी जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने डिसेंबर २०१८मध्ये आणली. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे द्यावी लागतात. त्यामुळे व्हेल शार्कसारख्या प्राण्यांच्या नोंदी आपोआप साठू लागल्या. बाकीची मुशी मात्र बाजारात वजनावर जाते. ती कोणत्या खाडीत, कोणत्या महिन्यात मिळाली, पोटात पिल्ले होती का, हे जाळे ओढणाऱ्यांच्या आणि कोळणींच्या तोंडीच राहते.

मनोरच्या घटनेनंतर आपण मुशीची भीती लक्षात ठेवली. मुशी केव्हा आणि कशासाठी वर येते, हे ज्यांना ठाऊक असू शकते त्यांना विचारणे राहून गेले. पुराणातली वैतरणी गाईचे शेपूट धरून ओलांडायची असते. खरी वैतरणा समजून घ्यायची असेल, तर तिच्यात रोज जाळे टाकणाऱ्याचा हात धरावा लागेल.