विटेवरचा देव आणि बेघर माउली



पंढरीची कथा तुम्हाला पाठ आहे. पुंडलिक आई-बापाचे पाय चेपीत बसलेला, देव दारात आला, पुंडलिकानं वीट पुढं केली आणि देव तिच्यावर उभा राहिला. या विटेवर मी उभ्या जन्मात किती निरूपणं केली, त्याची गणती नाही. पण एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. पुंडलिकाला घर होतं, म्हणून घरात सेवा घडली. जिला घरच नाही, त्या आईनं लेकरं कुठं वाढवावीत?

हा प्रश्न मला पोथीनं नाही, एका बाईनं शिकवला. वीसेक वर्षं झाली. आषाढीची वारी संपली, गोपाळकाला झाला, दिंड्या परतीला लागल्या. मी एका धर्मशाळेत उतरलो होतो. तिथं एक बाई, कडेवर एक आणि बोटाला एक पोर. नवरा गेलेला, सासरचं दार बंद, माहेरी कुणी उरलं नव्हतं. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, तीन दिवसांचा नियम आहे." ते खोटं बोलत नव्हते, धर्मशाळा यात्रेकरूंसाठीच असते. बाई माझ्याकडे वळली. म्हणाली, "महाराज, सगळे घरी निघाले. आम्ही कुठं जावं?"

मी काय केलं? प्रसादाचा नारळ आणि पन्नास रुपये तिच्या पदरात घातले आणि एस्टी गाठली. आदल्या रात्री 'अनाथांचा नाथ' या विषयावर मी दोन तास बोललो होतो, बरं का! तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. ते शोधायला लागलो, तेव्हा कळलं की आपल्याच मुलखात काही माणसांनी ते फार पूर्वी देऊन ठेवलं आहे.

पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवा बायका लोकलाजेनं जीव देत, नाहीतर पोटच्या गोळ्याचा जीव घेत. त्यांना फुल्यांनी सांगितलं, इथं या, सुखरूप बाळंत व्हा. तिथंच काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा या दाम्पत्यानं दत्तक घेतला. तो यशवंत पुढं डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करीत राहिला. पाहा, ज्या मुलाला जग जगू देणार नव्हतं, त्यानं जगाला औषध दिलं.

आता आपल्या पंढरीत या. यात्रेचं निमित्त सांगून अशाच अभागी बायका इथं येत, बाळंत होत आणि लेकरू टाकून परतत. आपण चंद्रभागेत स्नान करीत होतो, आणि त्याच वाळवंटाशेजारी हे चाललं होतं. लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ इथं न्यायखात्यात होते. त्यांनी पुढाकार घेऊन १८७५ साली पंढरपुरात अशा मुलांसाठी आश्रम काढला. पुढं मुंबईच्या प्रार्थना समाजानं तो चालवला. एकेश्वराची उपासना करणारी ही मंडळी मूर्तिपूजा मानीत नव्हती. पण विठोबाच्या गावातली टाकलेली लेकरं त्यांनी उचलली.

तरी एक उणीव राहते. लेकरू वाचलं, पण आई कुठं गेली? ती आली तशी तोंड लपवून परतली. आई आणि लेकरू एका छपराखाली राहावीत, हे काम अधिक अवघड.

ते पंडिता रमाबाईंनी मनावर घेतलं. रमाबाई आमच्याच व्यवसायातल्या, पुराणिकाची लेक. वडील अनंतशास्त्री डोंगरे. आल्या-गेल्याच्या पाहुणचारात कर्ज झालं, घर सुटलं, आणि सारं कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले. पुढं लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये पती वारले. कडेवर लेक घेतलेली विधवा म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढं पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभारलं. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत शेकडो मुली-बायका तिथं आणल्या. त्या नुसत्या भाकरीवर बसवल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं शिकवलं. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यावरून पुण्यात मोठा वाद झाला. तो वाद ज्याचा त्यानं करावा. मी एवढंच विचारतो, त्या बायका आपल्या दारात उभ्या होत्या, तेव्हा आपलं दार उघडं होतं का?

आपल्यात दार उघडणारा कीर्तनकार झाला तो म्हणजे गाडगेबाबा. कीर्तनातून पैसा जमवला आणि धर्मशाळा बांधल्या. जिथं महाराला उतरायला जागा नव्हती, त्या पंढरीत चोखामेळा धर्मशाळा उभी केली. त्यांच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत बेघराला आसरा हेही एक सूत्र आहे. स्वतःसाठी मात्र हातातलं गाडगं आणि अंगावरच्या चिंध्या, एवढाच संसार.

म्हणून, वाचक माउलीहो, एक मागणं आहे. तीन दिवसांचा आसरा यात्रेकरूला पुरतो, एकट्या आईला पुरत नाही. तिला पत्ता लागतो. पत्ता असला तर रेशनकार्ड, पत्ता असला तर पोराचं शाळेत नाव सोपं. गावच्या देवस्थानाच्या दोन खोल्या वर्षभर कुलपात असतात. त्या एखाद्या लेकुरवाळीला वर्ष-दोन वर्षं द्या. भाडं घ्या, पण तिच्या मजुरीला झेपेल एवढंच. म्हणजे ती भिकारीण ठरत नाही, भाडेकरू ठरते. आणि तिला हाताला काम मिळवून द्या.

मंदिराच्या कळसाला मी आयुष्यभर वर्गणी मागितली. आता या दोन खोल्यांसाठी मागतो. ती बाई पुन्हा भेटेल, असं वाटत नाही. पण तिच्यासारखी पुढच्या काल्यानंतर कुणाच्या तरी पायरीवर बसलेली असेलच. तेव्हा तिच्या पदरात नारळ टाकून निघू नका. पुंडलिकाची एक वीट देवाला युगं अठ्ठावीस पुरली. त्या माउलीला मात्र चार भिंतींपुरत्या विटा लागतील, आणि त्या आपणच द्यायच्या आहेत.

रामकृष्णहरि!