रोजच्या वांगणीचे फोटो

आपल्या वांगणीचं नाव गेल्या काही वर्षांत दोनदा देशभर गाजलं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. नंतर १७ एप्रिल २०२१ ला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून भरधाव गाडी येत असताना रुळांवर पडलेल्या मुलाला वाचवलं. त्याची आई अंध होती. सीसीटीव्हीतले ते काही सेकंद सगळ्यांनी पाहिले.

पण या भागातून रेल्वे धावतेय ती १८५६ पासून. मधल्या साध्या दिवसांचे फोटो कुठे आहेत?

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे स्टँडवरचा खोका, आणि समोरच्याने हलायचं नाही. रोजचं जगणं असं थांबत नाही. ते टिपता येऊ लागलं छोट्या कॅमेऱ्यांमुळे. १९२५ मध्ये जर्मनीत लायका बाजारात आला. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा, कोटाच्या खिशात मावणारा. १९३२ मध्ये त्याला रेंजफाइंडर जोडला गेला. खिडकीतून पाहिलं की मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. आपल्या भूमितीच्या बाईंना हा त्रिकोण आवडला असता! आत हलणारा आरसा नसल्यामुळे आवाज कमी, त्यामुळे लोकांचं लक्षही जात नाही.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हातात रेंजफाइंडर नव्हे, रोलिफ्लेक्स होता. पण त्यांनीही सुरुवात केली ती मुंबईच्या रोजच्या जगण्यापासून. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले, हे मात्र आपल्या वर्गातल्या मुलींनी लक्षात ठेवावं.

आपल्या घरांत कॅमेरा निघायचा तो बारशाला, मुंजीला, लग्नाला. छत्तीस फोटोंचा रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा असे. भातलावणी, मे महिन्यात करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या बायका, सकाळच्या लोकलमधले दुधाचे कॅन यांवर रोल कोण वाया घालवणार? आता त्यातल्या कित्येक शेतांवर इमारती आहेत.

मी सध्या जुना याशिका इलेक्ट्रो ३५ वापरते. १९६६ चं मॉडेल. छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते आतलं सर्किट ठरवतं. पिवळा दिवा लागला तर हात स्थिर ठेवा, लाल लागला तर उजेड जास्त. त्याची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, ॲडॉप्टर घालून दुसरी बसवावी लागते. दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या बाईला हे फार समजूतदार यंत्र वाटतं.

प्रश्न आला तो लोकलमध्ये. आपल्या गावात अंध कुटुंबं बरीच आहेत आणि त्यातले अनेकजण गाडीत फिरून वस्तू विकतात. या कॅमेऱ्याची ख्याती अशी की समोरच्याला कळत नाही. पण ज्याला दिसतच नाही, त्याला न कळवता फोटो काढणं मला बरं वाटेना. एकदा खिडकीबाहेरचा फोटो काढून मी रोल पुढे ओढला, तर शेजारी उभे असलेले, कानातल्या रिंगा विकणारे काका म्हणाले, "ताई, हा मोबाईल नाही. रोलचा कॅमेरा ना?" डब्यात दुसऱ्या कोणालाच तो आवाज ऐकू आला नव्हता. मी विचारलं, "तुमचा काढू का?" त्यांनी आधी माल नीट लावला, कॉलर सारखी केली आणि विचारलं, "रिंगा दिसतील ना?"

तेव्हापासून मी विचारूनच काढते. सहज टिपलेल्या फोटोतली मजा त्यात थोडी जाते. जाऊ दे.

एक विनंती. माळ्यावर, कपाटात निगेटिव्ह असतील तर रद्दीत देऊ नका. फोटोच्या कोपऱ्यात चुकून आलेलं स्टेशन, शाळेबाहेरची बोरवाली, कोणाच्या तरी मागे दिसणारं शेत, तेही चालेल. स्नेहसंमेलनाला घेऊन या, मी स्कॅनर आणते. आणि मागे पेन्सिलीने नावं लिहा. सर-बाईंना अजून सगळ्यांची नावं आठवतात, तोवर विचारून घेऊ.