गर्भाशयमुखाचा कर्करोग : किरणोपचारात अस्थिमज्जेचे रक्षण

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील बाह्य किरणोपचार साधारणपणे पाच आठवडे चालतात. आठवड्यातील पाच दिवस किरण दिले जातात आणि एक दिवस सिस्प्लॅटिन हे औषध शिरेवाटे दिले जाते. त्याआधी रक्ताची तपासणी होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुष्कळदा पांढऱ्या पेशी किंवा बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, कमी भरतात आणि त्या आठवड्याचे औषध पुढे ढकलावे लागते. क्वचित ते रद्दच होते. औषध अंगाला मानवले नाही, असा समज घरी होतो. तो पूर्णतः चुकीचा नाही, पण दोष एकट्या औषधाचा नसतो. ज्या भागावर किरण सोडले जातात, नेमकी तेथेच रक्त निर्माण करणारी अस्थिमज्जा मोठ्या प्रमाणात वसलेली असते.

लहानपणी बहुतेक सर्व हाडांत लाल, म्हणजे रक्तनिर्मिती करणारी मज्जा असते. वय वाढते तसतशी हातापायांच्या लांब हाडांतील मज्जा चरबीने भरून पिवळी व निष्क्रिय होते. प्रौढपणी लाल मज्जा मुख्यतः पाठीचा कणा, कटीभागाची हाडे, बरगड्या, छातीचे मधले हाड आणि कवटी यांत उरते. कटीची हाडे, त्रिकास्थी, कमरेचे खालचे मणके आणि मांडीच्या हाडांची वरची टोके मिळून शरीरातील सक्रिय मज्जेचा जवळजवळ निम्मा साठा होतो.

मज्जेतील मूळ पेशी किरणांपुढे फार नाजूक ठरतात. गाठीला ४५ ते ५० ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते. मज्जेवर परिणाम होण्यास मात्र १० ते २० ग्रेही पुरतात. मात्रा अधिक झाल्यास त्या जागी चरबी साचते आणि तेथील रक्तनिर्मिती दीर्घकाळ मंदावते. परिणाम कोणत्या क्रमाने दिसणार, हे पेशींच्या आयुर्मानावर ठरते. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात फार काळ टिकत नाहीत, बिंबिका आठ-दहा दिवस जगतात, तर तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस. म्हणून पांढऱ्या पेशी आधी घटतात आणि हिमोग्लोबिन मागाहून उतरते.

एखाद्या आठवड्याचे औषध चुकले तर काय बिघडले, असे कोणास वाटेल. १९९९ मध्ये पाच मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष समोर आले, तेव्हा किरणोपचारांच्या जोडीला सिस्प्लॅटिन दिल्यास मृत्यूचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी घटतो असे दिसले आणि जगभर हीच उपचारपद्धती रूढ झाली. आपल्याकडे रुग्ण बहुधा पुढच्या टप्प्यात येतात. त्यांना हा लाभ मिळेल काय, ही शंका होती. तिचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दिले. तिसऱ्या टप्प्याच्या 'ब' गटातील ८५० स्त्रियांवरील तेथील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. जोडीला सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के होते. मज्जा वाचवण्याचा खटाटोप या आठ टक्क्यांसाठी आहे. रक्त साथ देत राहिले तरच औषधाच्या पाच-सहा मात्रा पूर्ण होतात. शिवाय आतून द्यावयाचे किरण, म्हणजे ब्रॅकीथेरपी, धरून सारे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपणे इष्ट असते. खंड पडला की गाठीतील पेशींना सावरण्यास उसंत मिळते.

जुन्या पद्धतीत पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी असे चार झोत सोडले जात. पेटीच्या आकाराच्या या क्षेत्रात कटीची हाडे जवळजवळ पूर्णपणे सापडत. तीव्रता-नियंत्रित किरणोपचारांमुळे, म्हणजे आयएमआरटीमुळे, हे चित्र बदलले. यात यंत्राच्या मुखाशी असलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या सरकत राहतात आणि प्रत्येक झोताची तीव्रता जागोजागी कमी-अधिक करतात. नियोजनाच्या सीटी स्कॅनवर गाठीबरोबरच हाडांच्याही सीमा आखून दिल्या, की मज्जेला कमीत कमी मात्रा मिळेल अशी रचना संगणक शोधतो. यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. लागतो तो आखणी करणाऱ्याचा वेळ. २००६ मध्ये अमेरिकेतील ३७ रुग्णांच्या एका अभ्यासात, ज्यांच्या कटीतील मज्जेच्या ९० टक्क्यांहून अधिक भागाला १० ग्रे वा जास्त मात्रा मिळाली होती, त्यांच्यात पांढऱ्या पेशी अधिक घटल्याचे व औषध अधिक वेळा थांबवावे लागल्याचे आढळले.

हाडातील सर्व मज्जा सारखीच सक्रिय नसते. म्हणून पुढची पायरी अशी, की पेट स्कॅनवर जी मज्जा कार्यरत दिसते तिलाच प्राधान्याने वाचवायचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा ३५ रुग्णांपैकी ८.६ टक्क्यांमध्ये न्यूट्रोफिल पेशी गंभीररीत्या घटल्या. साध्या आयएमआरटीच्या ४८ रुग्णांत हे प्रमाण २७.१ टक्के होते. मात्र हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून या फरकाकडे थोड्या सावधपणेच पाहावे लागते.

मर्यादाही आहेत. त्रिकास्थीपुढील लसिकाग्रंथींना पूर्ण मात्रा देणे भाग असल्याने ते हाड फारसे वाचवता येत नाही. कटीच्या हाडांच्या वरच्या कडा तुलनेने सहज वाचतात. महाधमनीलगतच्या ग्रंथींवरही किरण द्यावे लागले, तर कमरेचे मणके क्षेत्रात येतात. मूत्राशय भरले वा रिकामे झाले की गर्भाशय हलते. सीमा फार काटेकोर आखल्या तर गाठच निसटण्याचे भय असते. हाडाला वाचवताना आतड्याकडे जास्त मात्रा वळणेही परवडणारे नाही. रक्तपेशी कमी घटतात याला पुरावा आहे. केवळ मज्जारक्षणामुळे आयुष्य वाढते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. गाठीला पूर्ण मात्रा, नंतर आतडे व मूत्राशय, आणि मग मज्जा, असा क्रम ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

भारतात २०२२ मध्ये या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. त्यात या रोगातील रक्तस्रावाची भर पडते; म्हणजे अनेकींची मज्जा उपचारांपूर्वीच दमलेली असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत किरणोपचारांपूर्वी सहा आठवडे आणखी दोन औषधे दिल्यास पाच वर्षांनंतर ७२ ऐवजी ८० टक्के रुग्ण हयात राहतात असे दिसले. ही पद्धत स्वीकारली जाईल तसा मज्जेवरील भार वाढेल.

उपचारकाळात दर आठवड्याची रक्ततपासणी टाळू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर घरीच तापाची गोळी घेऊन सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. हिरड्यांतून रक्त येणे किंवा अंगावर बारीक लाल ठिपके उठणे हे बिंबिका घटल्याचे लक्षण असू शकते. तेही डॉक्टरांना लगेच सांगावे.