हसवणाऱ्यांचे दिवाळे : ‘मारिओ अँड लुइजी : सुपरस्टार सागा’चा इतिहास

#धागा

ऑक्टोबर २०१९च्या पहिल्याच दिवशी जपानमधील ‘अल्फाड्रीम’ नावाची एक लहान कंपनी दिवाळखोरीत निघाल्याचे वृत्त आले. तिच्यावर सुमारे ४६ कोटी ५० लाख येनचे कर्ज होते. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात कंपन्या बुडणे ही नवलाची बाब नाही. पण या कंपनीने सोळा वर्षांपूर्वी तळहाताएवढ्या पडद्यावर जे केले होते, ते त्यापूर्वी फार थोड्यांना जमले होते. तिने मारिओला विनोदी नट बनवले होते.

या कथेचे मूळ १९९६ मध्ये आहे. त्या वर्षी ‘फायनल फँटसी’कार स्क्वेअर आणि निन्टेन्डो यांनी मिळून ‘सुपर मारिओ आरपीजी’ काढला. जपानी आरपीजी म्हणजे तोवर पाळीपाळीने चालणारे युद्ध : यादीतून ‘हल्ला’ निवडायचा आणि परिणाम पाहत बसायचे. या गेमने त्यात एक भर घातली. घाव बसण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबले, तर तो अधिक जोरात बसे. यादी वाचणारा खेळाडू पुन्हा खेळू लागला. पण दोन्ही कंपन्यांचे सख्य टिकले नाही. निन्टेन्डोने पुढच्या यंत्रासाठीही कार्ट्रिजच कायम ठेवली, स्क्वेअरला सीडीची प्रशस्त जागा हवी होती. १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’ सोनीच्या प्लेस्टेशनवर गेला. मारिओच्या आरपीजीचा धागा तिथे तुटला.

तो पुन्हा जोडला गेला, तो कंपन्यांच्या तहामुळे नव्हे. माणसांनी घर बदलल्यामुळे. स्क्वेअरचे माजी अध्यक्ष तेत्सुओ मिझुनो यांनी २००० मध्ये अल्फाड्रीमची पायाभरणी केली. ‘सुपर मारिओ आरपीजी’च्या दोन दिग्दर्शकांपैकी योशिहिको माएकावा पुढे तिथे आले. संगीतकार योको शिमोमुरा यांनी नव्या गेमलाही संगीत दिले. आधी २००२ मध्ये ‘टोमॅटो ॲडव्हेंचर’ हा खट्याळ आरपीजी जपानपुरता निघाला आणि मग नोव्हेंबर २००३ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर ‘सुपरस्टार सागा’ आला. गंमत म्हणजे तो अमेरिकेत १७ तारखेला आणि मायदेशी जपानमध्ये २१ तारखेला पोचला.

यंत्राच्या मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय या गेमचे मोल कळत नाही. पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा. मूळ यंत्राला स्वतःचा उजेडही नव्हता. खिडकीशी किंवा दिव्याखाली बसून खेळावे लागे. एवढ्या जागेत चेहऱ्यावरचे सूक्ष्म भाव दाखवणे शक्य नव्हते. म्हणून अल्फाड्रीमने मूकपटाचा मार्ग धरला : दचकणे, अडखळणे, तोंडावर आपटणे, नको तितका वेळ स्तब्ध उभे राहणे. दोघे भाऊ बोलतात तेही अर्थहीन, इटालियन वाटावे अशा बडबडीत. सुरुवातीलाच एक सेवक वाईट बातमी घेऊन मारिओच्या घरी धावत येतो आणि घाईघाईत थेट न्हाणीघरात शिरतो. बाहेर लुइजी कपडे वाळत घालत असतो.

लुइजी हे या विनोदाचे खरे केंद्र. महाराष्ट्रात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर आणि ‘९९९९ इन १’ छापाच्या कॅसेटींवर वाढलेल्या पिढीला त्याचे नावही बहुधा ठाऊक नसे. तो केवळ दुसऱ्या खेळाडूच्या वाट्याला येणारा हिरवा मारिओ. हा गैरसमज अगदीच निराधार नव्हता, कारण ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये लुइजी म्हणजे खरोखरच रंग बदललेला मारिओ होता. ‘सुपरस्टार सागा’ने या जुन्या उपेक्षेचेच भांडवल केले. बीनबीन राज्यात मारिओला सगळे ओळखतात, त्याच्या भावाचे नाव मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. मोहिमेवर निघण्याची लुइजीची मुळीच इच्छा नसते. त्याला अक्षरशः उचलून नेले जाते. पुढे प्रसंगी राजकन्येचा वेषही त्यालाच घालावा लागतो.

ही थट्टा संवादांपुरती राहिली असती, तर गेम विसरला गेला असता. ती बटणांत उतरली होती. ए बटण मारिओचे, बी बटण लुइजीचे; दोघांना एकाच वेळी सांभाळायचे. मारिओने लुइजीच्या डोक्यात हातोडा घातला की लुइजी जमिनीत गाडला जातो आणि तसाच आतून पुढे सरकतो. लुइजीने मारिओला ठोकले की तो चेपून इवलासा होतो आणि भिंतीच्या भोकातून जातो. एकाने दुसऱ्याला चटका दिला की तो बोंबलत पळत सुटतो, आणि त्याच धावेने वाट मोकळी होते. भावंडांची मारामारी हीच इथली किल्ली. सांगितलेला विनोद दुसऱ्यांदा फिका पडतो. हाताने करायचा विनोद शंभराव्या वेळीही चालतो, कारण त्यात चुकण्याची भीती असते.

कथानकही तितकेच उफराटे आहे. कॅकलेटा ही चेटकीण राजकन्या पीचचा आवाज चोरते आणि बदल्यात तिच्या तोंडी शब्दशः स्फोटक शब्द ठेवते. राजकन्या बोलली की आसपास स्फोट होतात. कायमचा खलनायक बाउझर स्मृती गमावून एका भुरट्या चोराचा उमेदवार शिष्य बनतो. एका अरण्यात विनोद ऐकवून पेय मुरवले जाते आणि राणीच्या दुखण्यावर तेच औषध ठरते.

गेमची कीर्ती झाली ती मात्र चेटकिणीचा साहाय्यक फॉफुल याच्यामुळे, आणि तीही मुख्यतः इंग्रजी आवृत्तीत. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेतील नेट बिल्डॉर्फ यांच्या लेखणीने त्याला मोडकी पण रुबाबदार भाषा दिली. ‘मी संतापलो आहे’ असे न म्हणता हा प्राणी ‘मजपाशी क्रोध आहे’ अशा थाटात गर्जतो. अनुवादकाचा विनोद मूळ पात्राला मोठा करतो, याचे याहून चांगले उदाहरण या माध्यमात क्वचितच सापडेल. मुखपृष्ठावर मात्र अशा माणसाचे नाव नसते.

यानंतर मालिका पुढे सरकत राहिली. २००९ मध्ये निघालेल्या ‘बाउझर्स इनसाइड स्टोरी’च्या ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण अल्फाड्रीमचा संसार जवळजवळ एकाच मालिकेवर, एकाच प्रकाशकावर आणि त्याच्या हातात धरायच्या यंत्रांवर चालला होता. मार्च २०१७ मध्ये ‘स्विच’ आला आणि घरचे व हातातले हा भेदच पुसट झाला. अल्फाड्रीम मात्र मावळत्या थ्रीडीएसवर जुन्याच गेमांना नवे कपडे चढवत राहिली : २०१७ मध्ये ‘सुपरस्टार सागा’ आणि २०१८ च्या डिसेंबरात ‘बाउझर्स इनसाइड स्टोरी’. दुसऱ्याची विक्री फारच निराशाजनक ठरली आणि वर्षभरात कंपनी संपली. दोष केवळ कारागिरांवर टाकणे अन्यायाचे होईल. मारिओवर मालकी दुसऱ्याची असताना मार्ग बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांना कितपत होते?

मूळ गेम फेब्रुवारी २०२३ पासून स्विचच्या सशुल्क सेवेत पुन्हा खेळता येऊ लागला, या वेळी उजळ पडद्यावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ब्रदरशिप’ हा नवा भागही आला. तो घडवला ‘ॲक्वायर’ या दुसऱ्याच कंपनीने, जुन्या मालिकेतील काही विकसकांना सोबत घेऊन. ए आणि बी बटणांची वाटणी तीच राहिली.